शिकाऊ वीजतंत्र्यावर देखरेख: कागदापासून बोर्डापर्यंत

आयटीआय झालेला पोरगा हाताशी आला की आठवडाभर त्याला बरोबर फिरवायचं आणि पुढच्या आठवड्यात हातात पिशवी देऊन एकट्याला पाठवायचं, ही आपल्या धंद्यातली रीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आयटीआय झालंय की त्याचं, आणि लायसन आहे आपलं.’ दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण त्यांतून देखरेख झाली असं होत नाही. नियम लायसनवरचं नाव बघत नाही, कामाच्या जागी कोण उभं होतं ते बघतो.

हा लेख सोलापुरातले विद्युत ठेकेदार, पर्यवेक्षक, कारखान्यांचे मेंटेनन्सवाले आणि ज्यांच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार आहे अशा वायरमनसाठी आहे. क्रम सोडून वाचू नका. गोंधळ बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यात होतो आणि पुढे साइटवर अंगाशी येतो.

## टप्पा १: कोणता कागद कशाचा ते आधी वेगळं करा

आपल्या कामात चार कागद फिरतात आणि चौघांची सर्रास सरमिसळ होते.

पहिला ठेकेदाराचा परवाना, म्हणजे ज्याला आपण लायसन म्हणतो. दुसरं पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र. तिसरा वायरमनचा, सरकारी भाषेत तारतंत्रीचा, परवाना. हे तिन्ही राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. चौथा शिकाऊ उमेदवारीचा करार. तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होतो आणि त्याचा पहिल्या तिघांशी काडीचा संबंध नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठ्याबाबतचे विनियम (आधी २०१० चे, आता २०२३ चे) सरळ सांगतात: ग्राहकाच्या जागेतलं वायरिंगचं काम, त्यातली भर, बदल, दुरुस्ती हे सगळं परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली करायचं आणि परवाना असलेल्या हातांनीच करायचं. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत. दोन पाळल्या आणि एक राहिली तरी काम नियमाबाहेर गेलं.

आता शिकाऊ उमेदवार यात कुठे बसतो? कुठेच नाही. त्याच्याकडे यांतला एकही कागद नसतो. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायाचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. करार त्याला शिकण्याचा हक्क देतो, एकट्याने काम करण्याचा नाही. म्हणून त्याच्या हातून होणारं प्रत्येक काम परवानाधारकाच्या कामाचा भाग म्हणून, त्याच्या शेजारी उभं राहूनच व्हायला हवं.

नियमात एक सवलत आहे आणि तिचाच सगळ्यात जास्त गैरफायदा घेतला जातो. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलणं यातून वगळलं आहे, पण वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. जळालेल्या सहा अँपिअरच्या सॉकेटजागी सहाचाच सॉकेट बसवला तर तो या सवलतीत बसतो. त्याच जागी गीझरसाठी सोळाचा बसवला की क्षमता बदलली. ‘एसीचा एक पॉइंट काढून दे’ हे तर सरळसरळ नवीन काम. उन्हाळ्यात जुळे सोलापुरात एसीच्या पॉइंटसाठी फोनवर फोन येतात आणि नेमका तेव्हाच पोरगा एकटा जातो.

तपासा: परवान्यांवरच्या मुदतीच्या तारखा आजच बघा. पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र फक्त लायसन मिळवण्यापुरतं भाड्याने लावलेलं असेल आणि तो माणूस साइटवर कधीच फिरकत नसेल, तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. आधी ते दुरुस्त करा.

## टप्पा २: करार वेळेत आणि खरा करा

आस्थापनेत ४ ते २९ माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं ऐच्छिक आहे. ३० किंवा जास्त असतील तर सक्तीचं, आणि एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. कंत्राटी कामगारही यात मोजायचे. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने इथेच चुकतात. हजेरीपटावर बावीस नावं, बाकीची ठेकेदाराकडची, म्हणून ‘आम्हाला लागू नाही’ असं समजून बसतात.

दोघं-तिघं मिळून चालवलेलं छोटं दुकान असेल तर तुम्ही या योजनेत बसत नाही. मग तो पोरगा शिकाऊ उमेदवार नसून मदतनीस आहे, आणि त्याला मजुरीचे कायदे लागू होतात. ‘शिकतोय अजून’ म्हणून फुकट राबवायची सोय कायद्यात नाही. देखरेखीचा नियम मात्र त्यालाही तसाच लागू, कारण परवाना त्याच्याकडेही नाही.

कराराचा क्रम असा:

१. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर आस्थापनेची नोंद करा.

२. उमेदवाराचं वय आणि कागद पाहा. कायद्यात किमान वय १४ आहे, धोकादायक उद्योगांसाठी १८. विजेच्या कामाला १८ पूर्ण झाल्याशिवाय कोणाला घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चौदा-पंधराचं पोर शिडीवर चढवून कोणाचंच भलं होत नाही.

३. करार झाल्यावर सात दिवसांत त्याचा तपशील पोर्टलवर भरा. ‘महिनाभर बघू, टिकला तर भरू’ हा प्रकार बंद करा. त्या महिन्यात काही झालं तर तुमच्या हातात कागदच नसतो.

४. विद्यावेतन बँकेच्या खात्यावर द्या. दर करार करतेवेळी पोर्टलवर असेल तोच धरा, शेजारच्या दुकानदाराने सांगितलेला नको.

५. प्रशिक्षणाची जबाबदारी कोणावर ते नावानिशी लिहा. मालक स्वतः त्या व्यवसायातला पात्र माणूस नसेल तर पात्र माणूस नेमणं कलम ११ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. कापडाचा कारखाना चालवणाऱ्याने वीजतंत्री उमेदवार घेतला तर त्याच्यावर पात्र इलेक्ट्रिशियनच नेमावा लागतो, स्टोअरकीपर चालत नाही.

इशारा: पॉइंटमागे पैसे देऊ नका. ‘दिवसाला दहा पॉइंट मार, वर दोनशे घे’ हे कायद्याला चालत नाही. नगावर मोबदला देणं, जादा उत्पादनाचा बोनस लावणं, प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम सांगणं, परवानगीशिवाय ओव्हरटाइम करायला लावणं, या प्रत्येकासाठी दर घटनेमागे एक हजार रुपये दंड आहे. दंड किरकोळ वाटेल, पण पॉइंटमागे पैसे मिळायला लागले की पोरगा मेन बंद करण्यातला वेळ वाचवायला बघतो. कायद्यातली ही बंदी माझ्या मते सुरक्षेचीच आहे.

ओव्हरटाइमला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते. गणपती, नवरात्र आणि जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा या तिन्ही वेळी हा नियम सगळे विसरतात. होम मैदानावरचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. तिथे रात्रपाळीला परवानाधारक वायरमन लावा, उमेदवाराला वेळेवर घरी पाठवा. मंजुरीबद्दल किंवा करारातल्या अडचणीबद्दल शंका असेल तर विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन विचारा.

## टप्पा ३: कामांची वाटणी लिहून ठेवा

तोंडी वाटणी टिकत नाही. दुकानात किंवा मेंटेनन्सच्या खोलीत कागद चिकटवा आणि पोरग्याला तो वाचून समजावून सांगा. माझी वाटणी अशी आहे, तुमच्या कामाप्रमाणे बदला, पण तिसरा भाग ढिला करू नका.

वीज जोडलेली नाही तिथे, पर्यवेक्षक त्याच इमारतीत असताना: भिंतीला झिरी मारणं, पाइप-बॉक्स बसवणं, जोडणी न झालेल्या पाइपातून वायर ओढणं, बाकावर बोर्ड तयार करणं, वायर सोलणं, लग दाबणं, मालाची यादी.

परवानाधारक हाताच्या अंतरावर असतानाच: पुरवठा तोडून, तपासून झालेल्या बोर्डातली जोडणी, डीबीत (वीज वाटणाऱ्या मुख्य बोर्डात) एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) बसवणं, मोटारीचं कनेक्शन, स्टार्टरची दुरुस्ती, अर्थिंगचं माप, मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावणं.

कधीच नाही: चालू लाईनवरचं कोणतंही काम, आणि असं काम करणाऱ्याला मदत करणंसुद्धा. ‘त्याने फक्त बॅटरी धरली होती’ ही सबब चालत नाही. विनियमात चालू लाईनवर काम करणारा आणि त्याला मदत करणारा या दोघांनाही एकच अट आहे, दोघेही त्यासाठी नामनिर्देशित, म्हणजे त्या कामासाठी नावानिशी नेमलेले, हवेत. शिवाय मीटर, सील, खांबावरून येणारी सर्व्हिस वायर यांना हात लावायचा नाही. ते महावितरणचं काम, १९१२ ला फोन करा.

सही हीसुद्धा तिसऱ्या भागातच येते. नव्या जोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराची सही लागते, आणि ज्याने चाचणी पाहिली त्यानेच ती करायची. कोऱ्या रिपोर्टवर आधीच सह्या-शिक्के मारून गठ्ठा दुकानात ठेवायचा आणि पोरग्याने आकडे भरायचे, हा प्रकार आपल्या गावात नवा नाही. असा गठ्ठा असेल तर फाडून टाका.

तपासा: तुमच्या नामनिर्देशित माणसांच्या यादीत उमेदवाराचं नाव चुकून गेलंय का? ‘माणसं जास्त दिसावीत’ म्हणून काही जण ते घालतात. काढून टाका.

## टप्पा ४: साइटवर निघण्याआधी

इथे फार लिहिण्यासारखं नाही, पण वगळू नका. पायात रबरी तळाचे बंद बूट हवेत, चपला चालणार नाहीत. हातातलं कडं, गळ्यातली चेन, अंगठी उतरवायची. हत्यारांच्या मुठी तडकलेल्या नकोत. पक्कडीला चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर ती पक्कड बाद. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी बोर्डाजवळ न्यायची नाही.

सोलापूरचा एप्रिल-मे वेगळा धरा. घामाने भिजलेली कातडी वीज सहज वाहू देते. कोरड्या हाताला नुसती चुणचुण लागेल तिथे ओल्या हाताला जबर झटका बसतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बारा ते चार बोर्डाचं काम शिकाऊ उमेदवाराला देऊ नका. सकाळी उरका.

आणि भाषा. पूर्व भागातली बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारी कन्नड. मराठी सगळ्यांना येतं, पण घाईत ओरडलेली सूचना माणसाला घरच्या भाषेतच लवकर कळते. ‘बंद’, ‘चालू’, ‘हात काढ’ आणि ‘थांब’ या चार सूचनांसाठी चार ठरलेले शब्द आणि चार ठरलेल्या हाताच्या खुणा पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या. खुणा कशासाठी, ते सहाव्या टप्प्यात येईल.

## टप्पा ५: पुरवठा तोडण्याचा क्रम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हा क्रम पोरग्याकडून रोज म्हणवून घ्या आणि रोज करवून घ्या, मग काम पाच मिनिटांचं का असेना.

१. वीज कुठून कुठून येते ते विचारा. ‘मेन बंद केला’ एवढं पुरत नाही. घरात इन्व्हर्टर असतो, आणि मेन पाडला की तो आपोआप सुरू होतो. म्हणजे तुम्ही मेन बंद केल्याच क्षणी इन्व्हर्टरवरचे पॉइंट पुन्हा चालू. पंखा फिरताना दिसला तर कळतं, पण पंखाच बंद असेल तर कळायला मार्ग नाही. कारखान्यात जनरेटर आणि त्याचा चेंजओव्हर, म्हणजे मेनवरून जनरेटरवर बदलायचा स्विच. गच्चीवर सोलर असेल तर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरीत ऊन असेपर्यंत वीज असतेच, खालचा मेन पाडून ती जात नाही. जुन्या पेठांतल्या एकाला एक लागून असलेल्या घरांत शेजाऱ्याच्या मीटरवरून ओढलेला एखादा न्यूट्रलही सापडतो.

२. सगळे स्रोत बंद करा. नुसतं पॉइंटचं बटण बंद करून होल्डरला हात लावायचा नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच असतो.

३. कुलूप लावा. एमसीबीला बसणारी कुलपाची क्लिप मिळते, महाग नाही. जुन्या माग-शेडमध्ये अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसतात. तिथे तिन्ही फ्यूज उपसून काढायचे आणि पर्यवेक्षकाने स्वतःच्या खिशात ठेवायचे. बोर्डावर ठेवायचे नाहीत, तिथून कोणीही उचलून परत बसवतं. ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ अशी पाटी अडकवायची, ती मराठीत आणि मोठ्या अक्षरांत हवी.

४. वीज नाही हे सिद्ध करा. खिशातल्या निऑन टेस्टरवर सगळ्यांची श्रद्धा असते. भर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर मंद पेटतो, शेजारच्या चालू वायरीमुळे उगाचही पेटतो. तो फक्त अंदाजाला वापरा. सिद्ध करायला मल्टिमीटर किंवा दोन टोकांचा टेस्टर घ्या.

तपासणी तीन भागांत करा: आधी चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटवर यंत्र लावून ते चालतंय हे बघा, मग काम करायच्या जागी लावा, मग पुन्हा त्या चालू पॉइंटवर. तिसरा भाग सगळे गाळतात. मधल्या तपासणीत यंत्राची वायर तुटली असेल तर ‘शून्य’ दिसतं आणि माणूस निर्धास्त हात घालतो.

फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही जोड्या बघा. थ्री फेज असेल तर फेज-फेजही. बल्बचा टेस्ट लॅम्प वापरणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, एक बल्ब लावाल तर तोंडासमोर फुटेल. दोन सारख्या वॅटचे बल्ब सिरीजमध्ये लावा.

५. साठलेली वीज काढा. कारखान्यात पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर असतात. मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. पाच मिनिटं थांबा, मग मोजा, मग डिस्चार्ज रॉडने अर्थ करा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढून दाखवणं हे कौशल्य नव्हे, पोरगा तेच शिकतो आणि पुढे आयुष्यभर करतो.

६. कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. जेवायला जाताना किल्ली दुसऱ्याकडे द्यायची नाही. जेवून आल्यावर चौथी पायरी पुन्हा, पहिल्यापासून.

इशारा: ही तपासणी पहिले काही महिने पर्यवेक्षकाने स्वतः करून उमेदवाराला बघायला लावावी. पुढे उमेदवाराने करावी आणि पर्यवेक्षकाने बघावं. दोघांपैकी एकानेच केली तर ती पूर्ण धरू नका.

## टप्पा ६: देखरेख म्हणजे नेमकं किती अंतर

नियमातला शब्द ‘थेट’ आहे. फोनवरून दिलेल्या सूचना थेट नव्हेत, व्हिडिओ कॉलसुद्धा नाही. साइट सुरू करून देऊन दुसऱ्या साइटवर जाणं आणि संध्याकाळी येऊन बघणं ही झाली पाहणी, तिला देखरेख म्हणता येत नाही.

मी एका परवानाधारकामागे बोर्डाच्या कामाला एकच उमेदवार धरतो. पाइप ओढण्याला दोन चालतील. दोन पोरं दोन खोल्यांत दोन बोर्ड उघडून बसली असतील तर मधल्या दारात उभा राहिलेला वायरमन दोघांनाही वेळेत रोखू शकत नाही.

घरगुती कामात ‘हाक पोहोचेल एवढं अंतर’ हे माप बऱ्यापैकी चालतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये ते पार निकामी आहे. माग चालू असताना चार फुटांवरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. मेनजवळ उभा असलेला वायरमन ‘काय करलालाय बे, हात काढ!’ म्हणून बोंबलतो आणि स्टार्टरपाशी बसलेल्या पोराला पत्ताही नसतो. म्हणून तिथे अंतराचं माप नजरेचं: पर्यवेक्षकाला उमेदवाराचे दोन्ही हात दिसले पाहिजेत आणि उमेदवाराला मान वळवली की पर्यवेक्षक दिसला पाहिजे. मघाच्या हाताच्या खुणा इथे उपयोगी पडतात.

शेडमधली दुसरी अडचण मालकाची घाई. शेड बंद ठेवली की उत्पादन थांबतं, विणकराची मजुरी बुडते, म्हणून ‘एवढ्याला कशाला बंद करता, चालू लाईनीत उरका’ असं सांगितलं जातं. परवानाधारक जुना माणूस असतो, तो नाही म्हणू शकतो. दोन-तीन वर्षांपूर्वी दहावी-बारावीच्या बाकावर बसलेला पोरगा मालकाला नाही म्हणणार नाही. म्हणून मालकाशी बोलणं पर्यवेक्षकाने, काम घेतानाच करायचं: काम साप्ताहिक सुट्टीला होईल किंवा पाळी बदलताना होईल, आणि बोर्ड उघडायचा तर पुरवठा बंद राहील. हे कोटेशनमध्येच लिहा.

तिसरी गोष्ट कापसाची. स्टार्टरमध्ये, डीबीत तंतूंचा थर साठतो. कॉम्प्रेसरची हवा मारून तो उडवायचं काम हमखास शिकाऊ पोराकडे येतं, ‘झाडलोटच आहे’ म्हणून. उघडा बोर्ड, उडणारे तंतू आणि एखादी ठिणगी, एवढ्यावर आग लागते. पुरवठा तोडूनच साफ करायचं, आणि फुंकण्याऐवजी शक्यतो ओढून घ्यायचं.

मंडप आणि यात्रेतल्या तात्पुरत्या कामाला हेच नियम लागू, कारण तात्पुरती जोडणी हीही जोडणीच. तिथल्या बहुतेक चुका जमिनीवर होतात: गर्दीच्या पायाखाली टाकलेली वायर, चिकटपट्टीचे सांधे, लोखंडी कमानीला अर्थिंग नाही. उमेदवाराला तिथे न्यायचं तर शिकवण्यासाठी न्या. प्रत्येक उपबोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का आणि तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडते का, ही तपासणी त्याच्याकडून रोज करून घ्या. एवढ्या एका कामात तो बरंच शिकेल.

तपासा: कामाच्या मध्यात स्वतःला विचारा, आत्ता या पोराला झटका बसला तर मेनपर्यंत पोहोचायला मला किती पावलं लागतील? उत्तर जिना उतरून किंवा रस्ता ओलांडून असेल तर तुमची जागा चुकली आहे.

## टप्पा ७: चाचणी आणि नोंदवही

काम झाल्यावर पुरवठा देण्याआधी मेगर लावायचा. घरगुती व लो व्होल्टेजच्या वायरिंगला ५०० व्होल्ट डीसीचा मेगर, एक मिनिट, आणि रीडिंग किमान एक मेगाओम. नव्या वायरिंगला ते त्याहून कितीतरी जास्त यायला हवं. जेमतेम एक आलं तर काटा बघून खूश होऊ नका, कुठे सोललं गेलंय ते शोधा. मेगर लावण्याआधी एलईडी दिवे, रेग्युलेटर, इन्व्हर्टर सोडवा, नाहीतर तेच जळतील. उमेदवाराने मेगर लावताना बोलून दाखवावं की आपण कोणत्या दोन टोकांत काय मोजतोय. बोलता आलं नाही तर त्याने नुसतं बटण दाबलं असं समजा.

नोंदवही रोजची, साधी दोनशेपानी चालेल. एका ओळीत: तारीख, जागा, काम, बंद केलेले स्रोत, कुलूप कोणी लावलं, वीज नसल्याची तपासणी कोणी केली, शेजारी कोणता परवानाधारक होता आणि त्याचा परवाना क्रमांक. खाली दोघांच्या सह्या. कायद्याप्रमाणे उमेदवाराच्या प्रशिक्षणाची नोंद मालकाने ठेवायचीच असते, ही वही तिला आधार होते.

वही शनिवारी बसून आठवड्याची एकदम भरू नका. एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेली सहा दिवसांची नोंद बघणाऱ्याला लगेच ओळखू येते.

## टप्पा ८: झटका बसलाच तर

क्रम असा: मेन पाडा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या पाइपने माणसाला वायरीपासून वेगळं करा, उघड्या हाताने ओढू नका. १०८ ला फोन. श्वास नसेल तर छाती दाबणं लगेच सुरू करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. हे कसं करायचं ते आधी शिकून ठेवायचं असतं. कारखान्यात झटक्यावरच्या प्रथमोपचाराचा मराठीतला फलक दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे, कपाटामागे लावून चालत नाही.

पोरगा उठून बसला, हसला, ‘काय नाय झालं’ म्हणाला तरी त्याला सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. विजेने हृदयाची लय बिघडलेली वरून दिसत नाही, आणि आतली भाजही कातडीवर नेहमी उमटत नाही.

जागा जशी आहे तशी ठेवा. महावितरणला आणि विद्युत निरीक्षक कार्यालयाला तातडीने कळवा. प्रशिक्षणादरम्यान आणि प्रशिक्षणामुळे झालेल्या दुखापतीची भरपाई शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मालकाने द्यायची असते. ‘तो कामगार नाही, शिकाऊ आहे’ म्हणून ती टळत नाही. मागची तारीख टाकून करार भरायचा मोह इथे होतो. पोर्टलवर नोंदीची वेळ उमटते.

## टप्पा ९: करार संपल्यावर

आयटीआय झालेल्या वीजतंत्री किंवा तारतंत्री उमेदवाराची शिकाऊ उमेदवारी साधारण वर्षाची असते. मुदत संपली की परीक्षा, त्यानंतर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. ते मिळालं म्हणजे लगेच एकट्याने काम सुरू, अशी समजूत आहे. तसं नाही. अनुज्ञापक मंडळाकडे वायरमनच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि परवाना हातात पडेपर्यंत तिसऱ्या टप्प्यातली वाटणी तशीच लागू राहते.

त्याला अर्ज भरायला तुम्हीच बसवा. बरीच पोरं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावतात आणि अर्ज राहून जातो. पुढे पाच-सहा वर्षं कुणाच्या तरी लायसनवर, परवान्याशिवाय काम करत राहतात. अर्जासोबत तुमच्या सहीचं अनुभवपत्र द्या, त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या प्रकारची कामं ते वहीतून बघून लिहा. वहीची एक झेरॉक्स त्याला द्या आणि मूळ प्रत दुकानात ठेवा.